चार भोकांच्या माउथ ऑर्गनवर सूर शोधताना

यात्रेत खेळण्यांच्या स्टॉलवर की-चेनला अडकवलेला एक छोटासा माउथ ऑर्गन लटकत असतो, तुम्ही बघितलाच असेल. करंगळीपेक्षा आखूड, पुढे चार भोकं, वर-खाली चकचकीत पत्रा, किंमत शंभर-दीडशे रुपये. लोक तो पोरांना घेऊन देतात, पोरं दोन दिवस फुंकतात आणि मग तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. मी महाशिवरात्रीला वेळणेश्वरच्या यात्रेत मुलासाठी घेतला होता, त्याचा दोन दिवसांत जीव भरला आणि तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. आता वर्ष होत आलं, अजून शिकतेच आहे, पण जे काय कळलंय ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण ह्या एवढ्याशा वाद्याबद्दल मराठीत नीट सांगणारं मला तरी काही सापडलं नाही, जे मिळतं ते सगळं दहा भोकांच्या नाहीतर चोवीस भोकांच्या मोठ्या माउथ ऑर्गनबद्दल.

मी राहते कोकणात धोपाव्याजवळ, नोकरी पलीकडे दापोलीला, म्हणजे रोज जाता-येता वाशिष्ठीच्या खाडीवरची फेरी बोट. स्कूटर लाईनीत लावायची आणि दाभोळहून बोट येईपर्यंत जेट्टीवर थांबायचं, मग बोटीवर थोडा वेळ, मग पुढचा रस्ता. ह्या थांबण्याच्या वेळात आधी मी मोबाईल बघायचे. आता कुर्त्याच्या खिशात हे वाद्य असतं. बोटीच्या इंजिनाचा आवाज इतका असतो की बाजूच्याला फारसं ऐकू जात नाही, आपल्याला मात्र हाताच्या ओंजळीत नीट ऐकू येतं, रियाजाला ह्याच्यापेक्षा चांगली जागा मला घरात मिळाली नसती. घरी सासू-सासरे, मुलाचा अभ्यास, टीव्ही, स्वयंपाक, सगळं असतं ना.

तर आधी त्याची रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. भोकं चार, पण प्रत्येक भोकात दोन पाती असतात, एक फुंकल्यावर वाजतं, दुसरं हवा आत ओढल्यावर. म्हणजे स्वर आठ. पहिल्या भोकात फुंकलं की सा, ओढलं की रे. दुसऱ्यात फुंकलं की ग, ओढलं की म. तिसऱ्यात फुंकलं की प, ओढलं की ध. इथपर्यंत सरळ आहे, फुंक-ओढ फुंक-ओढ. चौथ्या भोकात उलटं होतं, ओढलं की नि आणि फुंकलं की वरचा सां. म्हणजे आरोह असा जातो : फुंक, ओढ, फुंक, ओढ, फुंक, ओढ, ओढ, फुंक. ध आणि नि दोन्ही ओढायचे, मध्ये फक्त सरकायचं. ही एक जागा हाताला, म्हणजे तोंडाला, बसेपर्यंत सगळेच अडखळतात. ही उलटापालट मुद्दाम केलेली आहे, कारण त्यामुळे चारही भोकं एकदम फुंकली तरी सा ग प सां असंच वाजतं, कानाला गोड लागतं, म्हणून पोरं कशीही फुंकली तरी त्यातून संगीतच येतंय असं वाटतं.

पण आपल्याला सूर वाजवायचाय, घोळका नाही. एका वेळी एकच भोक वाजवायचं ही खरी पहिली पायरी. इंटरनेटवर सगळे सांगतात ओठांचा चंबू करा, शिट्टी मारताना करतो तसा, वाद्य ओठांच्या आतल्या ओल्या भागापर्यंत आत घ्या, जबडा सैल सोडा. बरोबरच आहे ते. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि ती माझी मलाच वाजवताना कळली. पहिल्या भोकात सा फुंकताना शेजारचा ग थोडा वाजला तरी आपल्याला पत्ता लागत नाही, कारण सा-ग एकमेकांत मिसळतात. ओढताना रे आणि म पण बऱ्यापैकी जुळून येतात. त्यामुळे पहिल्या भोकावर सराव केला तर आपण एकच स्वर वाजवतोय की दोन हेच कळत नाही, आणि आपण खुश असतो. म्हणून सराव करायचा तो तिसऱ्या-चौथ्या भोकात, ओढून. तिथे ध आणि नि शेजारी शेजारी आहेत, दोन्ही एकदम वाजले की असा खरखरीत आवाज येतो की कान लगेच सांगतो, चुकलं. ध एकटा, नि एकटा, परत ध, असं करत बसायचं. कान तिथे तयार झाला की मग पहिल्या भोकात शिरणारा बारीकसा ग पण ऐकू यायला लागतो. मी सुरुवातीला बाकीच्या भोकांवर सेलोटेप पण लावून बघितली, नुसता एकटा सा कसा वाजतो ते कानात बसवायला. त्याचा उपयोग होतो, पण दोन-चार दिवसच लावा, नाहीतर ओठांना कामच राहत नाही.

आता दादा. दादा म्हणजे माझे सासरे. ते तरुणपणी मुंबईला गिरणीत होते, लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, तिथल्या भजनात पेटी शिकले. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते आलेच, तेव्हापासून गावच्या भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडेच. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचणारे येतात, भजनं होतात, तेव्हा दादांची पेटी रात्रभर चालू असते. मला वाटलं होतं त्यांना हे खेळणं वाटेल. एका संध्याकाळी मी पडवीत वाजवत होते, ते आतून आले, जवळ बसले आणि काही वेळ नुसतं ऐकून म्हणाले, "अगो, इतक्या जोरात नको. सुराला हलायला जागा दे." त्यांच्या बोलण्यात सूर म्हणजे ते पातंच, पेटीवाले पात्याला सूरच म्हणतात.

मग त्यांनी पेटीचं झाकण उघडून मला आतली पाती दाखवली. पितळेची बारीक पट्टी, एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसरं टोक मोकळं, खाली तिच्याच मापाची खाच. हवा गेली की ती पट्टी खाचेतून वर-खाली हलते आणि आवाज येतो. लांब पट्टी खालचा स्वर, आखूड पट्टी वरचा. माझ्या चार भोकांच्या वाद्यात आत अगदी हेच आहे, फक्त भात्याच्या जागी आपली छाती. जोरात फुंकलं तर पातं खूप लांबवर हलतं, स्वर किंचित उतरतो आणि पात्याचं आयुष्यही कमी होतं. दादांनी मला गवताच्या पात्यावर, माडाच्या पातीच्या पिपाणीवर फुंकायची सवय लहानपणची असते ती सोडायला सांगितली, पिपाणीला जोर लागतो, ह्याला लागत नाही. ह्याला बोलताना जेवढी हवा बाहेर जाते तेवढी पुरते. खरंच पुरते.

ही मोकळी पाती मुळात पूर्वेकडची, चीनमध्ये शेंग नावाचं वाद्य फार जुनं आहे त्यात हेच तत्त्व. युरोपात त्यावरून पुढे पेट्या, ॲकॉर्डियन, माउथ ऑर्गन असं सगळं झालं. जर्मनीत ट्रॉसिंगेन गावात माथियास होनरने १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली, त्याच होनर कंपनीचा चार भोकांचा 'लिटल लेडी' हा ह्या छोट्यांमधला सगळ्यात नावाजलेला. आणि तो अंतराळातही गेलाय हे वाचून तर मला इतका आनंद झाला. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ६ यानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड वर गेले होते, नाताळ जवळ आलेला, तर शिराने खिशातून लपवून नेलेला लिटल लेडी काढून 'जिंगल बेल्स' वाजवलं आणि स्टॅफर्डने छोट्या घंटा वाजवल्या. माणसाने अंतराळात वाजवलेली ती पहिली वाद्यं. एवढ्या यानात, जिथे प्रत्येक वस्तूचं वजन मोजतात, तिथे नेता येईल असं वाद्य दुसरं कुठलं असणार.

आणि ती धून निवडली त्यालाही कारण असणारच असं मला वाटतं, कारण ती ह्या चार भोकांत चपखल बसते. ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. म्हणजे दुसरं भोक फुंकत राहायचं, मग तिसरं फुंक, पहिलं फुंक, पहिलं ओढ, परत दुसरं फुंक. तिसऱ्यावरून एकदम पहिल्यावर उडी आहे तेवढीच अवघड. मी पण हीच धून पहिली बसवली. नवीन शिकणाऱ्याने गाणं निवडताना आवडतं म्हणून निवडू नये, आधी त्याची उंची-खोली बघावी. सा च्या खाली उतरतं का, वरच्या सां च्या पलीकडे जातं का, मध्ये कुठे कोमल तीव्र लागतं का. तिन्हीला नाही असेल तर ते ह्यावर वाजेल, एकाला जरी हो असेल तर वाद्य कितीही घासा, नाही वाजणार. आपल्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो स्वर तिथे नसतोच मुळी.

हॅपी बर्थडेचं उदाहरण घ्या, सगळ्यांना तेच वाजवायचं असतं. ते सा पासून धरलं तर सुरुवातीलाच खालचा प लागतो, तो नाही. मग म ला षड्ज, म्हणजे सा, धरून बघितलं, वाद्यावरच्या स्वरांत सा सा रे सा म ग, सा सा रे सा प म, सा सा सां ध म ग रे, इथपर्यंत अगदी मस्त जातं, पहिल्या सा पासून वरच्या सां पर्यंत बरोबर आठ स्वरांत मावतं. आणि शेवटच्या ओळीत कोमल नि लागतो. चौथ्या भोकात आहे तो शुद्ध नि. ओढून खाली आणता पण येत नाही, का ते पुढे सांगते. मी शेवटी तिथे सां सां ध म प म असं वाजवायला लागले, कोमल नि च्या जागी सां. जुळून जातं ते, पुतणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी टाळ्या वाजवत त्यावरच म्हटलं.

पण माझा जीव होता भजनात. दादा पेटीवर भूप राग वाजवतात तो लहानपणी सकाळी रेडिओ ऐकू यायचा तसा घरभर होतो, आणि मला वाटायचं पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध, सगळे ह्यात आहेत, मग काय हरकत आहे. हरकत दोन निघाल्या. एक म्हणजे भूपाची सुरुवातच बहुतेक वेळा खाली ध ला स्पर्श करून येते, तो मंद्र ध ह्यात नाही. आणि दुसरी हरकत जास्त अवघड, श्वासाची. आरोह बघा, सा फुंक, रे ओढ, ग फुंक, प फुंक, ध ओढ, सां फुंक. सहापैकी चार वेळा हवा बाहेर, दोनच वेळा आत. द्रुत लयीत काही वाटत नाही पण जरा संथ वाजवायला घेतलं, ग वर थांबलं, प वर थांबलं, की ओळ संपायच्या आत छाती रिकामी. मोठ्या वाद्यांत हे एवढं जाणवत नसेल, पण ह्या चार भोकांत धून म्हणजेच श्वास, कुठला स्वर कधी येणार त्याप्रमाणे तुमचा श्वास आत-बाहेर होणार, त्यात तुमच्या मर्जीला जागाच नाही.

मी दादांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं की सगळे स्वर परत एकदा सांग, कुठला फुंक कुठला ओढ. मी कागदावर लिहून दिले. ते बघत बसले, पेटीवर बोटं ठेवून काहीतरी चाचपलं आणि म्हणाले, "म ला षड्ज कर की."

हे ऐकायला साधं वाटतं पण माझ्यासाठी त्या क्षणी दारच उघडलं. म ला सा मानलं की वाद्यावरचा प झाला रे, ध झाला ग, वरचा सां झाला प. आणि खाली काय राहतं, तर वाद्यावरचा रे हा झाला मंद्र ध आणि वाद्यावरचा सा झाला मंद्र प. म्हणजे भूपाला हवा असलेला खालचा ध मिळाला, त्याच्या खालचा प पण मिळाला. वाद्यावरचे ग आणि नि वापरायचेच नाहीत. भूपात म आणि नि वर्ज्य, आणि हॅपी बर्थडेला नडलेला तो कोमल नि म्हणजे ह्या नव्या षड्जाचा म, म्हणून तो इथे लागतच नाही. आणि श्वास बघा : मंद्र प फुंक, ध ओढ, सा ओढ, रे फुंक, ग ओढ, प फुंक. तीन बाहेर, तीन आत. संथ वाजवा, कितीही थांबा, दम जात नाही. मी त्या रात्री भूप वाजवला आणि षड्जावर हवा आत ओढत स्थिर राहायला किती बरं वाटतं हे पहिल्यांदा अनुभवलं, फुंकून काढलेल्या स्वरापेक्षा ओढलेला स्वर जास्त ताब्यात राहतो असं माझं मत आहे.

दादांनी पुढे अजून एक गंमत दाखवली. तेच पाच स्वर, काही न बदलता, फक्त वाद्यावरचा मूळ सा हाच षड्ज मानून वाजवायचे, की सा रे म प ध होतात, म्हणजे दुर्गा. भूपाच्या पंचमाला षड्ज केलं की दुर्गा, ह्याला मूर्च्छना म्हणतात, शिकलेल्या लोकांना हे माहीतच असतं. मला पुस्तकातून कळलं असतं तर मी विसरून गेले असते. पण इथे भोक बदलत नाही, श्वास बदलत नाही, नुसतं आपण कुठे येऊन विसावतो ते बदलतं आणि राग बदलतो. जेट्टीवर उभी राहून मी हे एकामागून एक करत बसते, पाच मिनिटं भूप, पाच मिनिटं दुर्गा.

पण म षड्ज झाल्यावर एक दोष उघडा पडला. माझ्या वाद्याचा म किंचित उतरलेला होता. आधी जाता-येता लागायचा तेव्हा जाणवला नव्हता, आता त्यावर थांबायचं म्हटल्यावर पेटीबरोबर वाजवताना लाटा ऐकू यायला लागल्या, वँव-वँव-वँव अशा, दोन स्वर जवळ असूनही एक नसले की येतात त्या. एवढ्या स्वस्तात घेतलेल्या वाद्यात हे होणारच. दादा म्हणाले उघडू या. मला भीती वाटत होती पण त्यांचा हात पेटीच्या सुरांवर बसलेला आहे. रविवारी दुपारी खळ्यात सतरंजीवर बसून त्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने पत्र्याची झाकणं उचकटली, आत वर एक पितळी पट्टी, खाली एक पितळी पट्टी, मध्ये प्लास्टिकचा चार कप्प्यांचा सांगाडा. फुंकायची पाती वरच्या पट्टीला आतल्या अंगाने असतात, ओढायची खालच्या पट्टीला बाहेरून, त्यामुळे म चं पातं समोरच दिसत होतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं लांब. दादांनी त्याच्याखाली ब्लेडचा तुकडा अलगद सरकवला, म्हणजे पातं वाकायला नको, आणि दुसऱ्या ब्लेडच्या टोकाने पात्याचं मोकळं टोक दोनदा खरवडलं. टोकाला खरवडलं की वजन कमी होतं आणि सूर चढतो, मुळाशी खरवडलं की पातं लवचिक होतं आणि सूर उतरतो. पेटीचंही असंच करतात. दोनदा खरवडायचं, वाजवून पेटीशी ताडून बघायचं, थोडं थांबायचं कारण घासल्याने पातं तापतं, परत दोनदा. लाटा हळूहळू लांब होत गेल्या आणि मग थांबल्या. तिथे दादांनी ब्लेड खाली ठेवलं.

उघडलंच होतं तर त्यांनी पात्यांची उचल पण बघितली. पातं पट्टीपासून किंचित वर उचललेलं असावं लागतं. जास्त उचललेलं असेल तर खूप हवा लागते आणि आवाज उशिरा येतो, अगदीच चिकटून असेल तर जरा जोर लावला की अडकतं. माझ्या वाद्यात चौथ्या भोकाचा सां जास्त उचललेला होता, तो नखाने हलकेच दाबून बसवला. नंतर तो इतक्या सहज बोलायला लागला की वाद्य नवीन घेतल्यासारखं वाटलं. हे घरी करायचं असेल तर आधी एखादं टाकाऊ वाद्य घेऊन करून बघा, आणि जवळ पेटी दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्यांनाच विचारा, गावोगावी असतात अजून.

आता कोमल स्वरांचं. बरेच महिने मी धरून चालले होते की ह्यात शुद्ध स्वरच आहेत, बिलावल, बस. मग बेंडिंग नावाचा प्रकार वाचला. ओढताना जीभ मागे आणि खाली घ्यायची, 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' कडे जावं तसं तोंडाच्या आतली पोकळी मोठी करायची, की स्वर खाली सरकतो. कारण एकाच कप्प्यात दोन पाती आहेत, ओढायचं आणि फुंकायचं, तोंडाची पोकळी बदलली की फुंकायचं पातं पण त्यात सामील होतं आणि दोघांच्या मधला स्वर निघतो. त्यामुळे ओढायचा स्वर फुंकायच्या स्वरापेक्षा वरचा असेल तिथेच हे होतं, पहिल्या तीन भोकांत. चौथ्यात नि खाली आणि सां वर, म्हणून ओढून नि खाली येत नाही, हॅपी बर्थडेचं गाडं तिथे अडलं ते ह्यामुळे.

मग बघा. दुसऱ्या भोकात ग आणि म मध्ये अर्धाच स्वर, तिथे फार काही मिळत नाही. पहिल्यात सा आणि रे मध्ये कोमल रे मिळतो. तिसऱ्यात प आणि ध मध्ये कोमल ध मिळतो. बाकी ग म प नि शुद्ध. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नि, सां. हा भैरव राग आहे! ज्या वाद्याला सगळे बिलावलचं खेळणं समजतात त्याच्या आत भैरव बसलाय, नेमके दोनच कोमल स्वर निघतात आणि ते नेमके भैरवाचेच. हे ज्या दिवशी कागदावर मांडून लक्षात आलं त्या दिवशी बोटीवर मला कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटलं की शेजारच्या मासळीवाल्या मावशींना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग वाजव ना."

वाजवणं सोपं नाही. लहान पाती असल्यामुळे स्वर खाली यायला जीभ अगदी बारीक हलवावी लागते आणि जरा जास्त झालं की आवाजच बंद पडतो. कोमल रे मला आता बऱ्यापैकी येतो, कोमल ध कधी येतो कधी अर्धवट राहतो. पण जेव्हा येतो तेव्हा शुद्ध रे वरून घसरत कोमल रे वर जो येतो ना, ती मींड असते. भैरवाच्या रे-ध ला आंदोलन लागतं, म्हणजे स्वर हळू झुलवावा लागतो, एका जागी ठोकून लावलेला रे भैरवाचा वाटत नाही. आणि हे पेटीला जमत नाही, पेटीची पट्टी दाबली की स्वर जिथे आहे तिथेच. पेटीवर हाच तर आक्षेप होता, मींड नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. दादांना ते चांगलं आठवतं, बंदी उठली तेव्हा ते शाळेतून नुकते बाहेर पडले होते. मी त्यांच्यासमोर हलणारा कोमल रे वाजवला तेव्हा ते म्हणाले, "परत घे." मी परत घेतला. "परत." असं बराच वेळ चाललं. शेवटी म्हणाले, "माझ्या पेटीत नाही गो हा." मला तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

थोडं निगा राखण्याबद्दल, कारण आपल्या किनाऱ्यावर हा खरा प्रश्न आहे. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही वाईट. पितळेला गंज चढत नाही पण हिरवट थर येतो, आणि बाहेरचा पत्रा, बारीक खिळे गंजतात. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपटायचं, आतली लाळ निघून जाते, मग लगेच डबीत बंद न करता थोडा वेळ उघडं ठेवायचं. जेवल्यावर किंवा चहा पिऊन लगेच वाजवू नका, साखर आत गेली की पातं चिकटतं. सकाळी गार असेल तर आधी मुठीत धरून कोमट करा, आत वाफ कमी साचते. मी स्टीलच्या छोट्या डबीत, सुती कापडात गुंडाळून ठेवते, पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाकते, नवीन चपलांच्या बॉक्समध्ये मिळते ती. आणि की-चेनची कडी काढून टाका, किल्ल्यांबरोबर खिशात राहिलं की कचरा भोकांत जातो. विकत घेताना आठही स्वर स्टॉलवरच एकेक वाजवून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत, एखादा मुकाच निघतो कधी कधी.

बरेच जण म्हणाले आता मोठा घे, दहा भोकांचा. घेईन कदाचित. पण मला घाई नाही. मोठ्यावर एखादा स्वर नाही मिळाला तर पुढे सरकून दुसरा शोधता येतो, इथे सरकायला जागाच नाही, म्हणून आहे त्याच स्वराकडे नीट लक्ष द्यावं लागतं, तो पूर्ण लागलाय का, किती वेळ टिकतोय, दुसऱ्यावर जाताना मध्ये काय होतंय. माझा कान ह्या वर्षात जेवढा तयार झाला तेवढा आधी आयुष्यात कधी झाला नव्हता.

सध्या काय चाललंय तर आमच्या वाडीतल्या बायकांचं हरिपाठाचं मंडळ आहे, दर एकादशीला बसतो. भजनात सुरुवातीला माझं हे वाद्य येणं शक्यच नव्हतं, कारण पेटीवाला गाणाऱ्याप्रमाणे पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बदलतो, माझं वाद्य पांढरी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या सुराला, कायमचं बांधलेलं. पुरुषांचं भजन काळी एकमध्ये चालतं, तिथे माझा एकही उपयोग नाही. पण बायका बऱ्याचदा पांढरी चारमध्ये गातात, आणि माझ्या वाद्याचा म म्हणजे पांढरी चार! भूपातला एक अभंग आम्ही घेतो, दादा पेटीवर, मी हा, बाकी सगळ्या टाळ घेऊन. ध्रुपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, मंद्र ध पासून मध्य प पर्यंतच फिरतं, ते सगळं मला वाजवता येतं. कडव्यात मात्र चाल तार षड्जाला जाते आणि तो माझ्याकडे नाही. मग कडवं सुरू झालं की मी वाद्य मांडीवर ठेवते आणि सगळ्यांबरोबर गाते, ध्रुपद परत आलं की उचलते. गणपतीत आरतीनंतर हाच अभंग घ्यायचा असं मंडळात ठरलंय, आणि दोन जणींनी मला तसलाच चार भोकांचा आणून द्यायला सांगितलंय, पुढच्या यात्रेत म चांगला लागलेला बघून घेणार आहे.